तांदळाच्या भारावर उभं टेबल

गुणाजी घाडींना कुणी काही विचारलं, की ते आधी मान वळवून मागे बघत. प्रश्न मागच्या माणसाला असणार, अशी त्यांची खात्री असे. मागे भिंत असली तरी बघत.

लालबागच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर त्यांची दहा बाय बाराची खोली. विसाव्या वर्षी ते गिरणीत साचाखात्यात लागले, म्हणजे जिथे कापड विणायचे माग असत तिथे, फिटरच्या हाताखाली. पुढे फिटर झाले. गिरणी आधी संपात गेली, मग रडतखडत चालली, मग कायमची बंद झाली. त्यानंतर पंचवीस वर्षं त्यांनी चाळीचा पाण्याचा पंप सांभाळला. पंप बिघडला की लोक ओरडत आणि चालू असला की कुणाला गुणाजी आठवत नसत. हे त्यांना मानवत होतं.

घरात चार माणसं. गुणाजी, त्यांची बायको कौसल्या, मुलगा निलेश आणि सून प्राची. चौघं दहा बाय बारात राहायचं, तर एक नियम पाळावा लागतो. घरातल्या कुठल्याही वस्तूला एकच काम करून चालत नाही. पलंगाखाली कपाट, कपाटावर गाद्या, शिलाई मशीनवर टीव्ही. निलेशची विमानतळावर सामान विभागात शिफ्ट असे, त्यामुळे तो झोपायचा तेव्हा त्याच्या पायथ्याशी मेथी निवडली जाई. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण कौसल्याबाईंच्या राज्यात तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

अशा घरात एका टेबलाची गरज निघाली, आणि तेही वर-खाली होणाऱ्या.

झालं असं, की प्राचीच्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकली. ती एका विम्याच्या कंपनीत क्लेमचे कागद तपासायची. ऑफिस ऐरोलीला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला, वाकून काही उचलणं बंद केलं, आणि सांगितलं, अर्धा तास बसा, अर्धा तास उभ्या राहा, सलग बसलात तर परत माझ्याकडे याल. तिचे साहेब हितेंद्र म्हणून होते. त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "एक महिना घरून करून दाखवा. रोजचे आठ तास भरले पाहिजेत. महिन्याच्या शेवटी मोठ्या लोकांची व्हिडिओ मीटिंग आहे, त्यात तुमचं काम तुम्हीच मांडायचं. ते नीट झालं तर पुढे घरूनच करा. नाही तर ऑफिसला यावं लागेल." ऑफिसला जाणं म्हणजे कंबर जाणं, आणि न जाणं म्हणजे नोकरी जाणं. प्राचीने फोन ठेवला आणि निलेशला सगळं सांगितलं.

निलेशने मोबाइलवर टेबलं दाखवली. बटण दाबलं की गुपचूप वर जाणारी. किंमत बघून कौसल्याबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"एवढ्यात तर माणूस वर जाईल विमानाने," त्या म्हणाल्या.

मग घरगुती प्रयोग सुरू झाले. पहिल्या दिवशी लॅपटॉप फ्रिजवर चढला. प्राची दोन्ही हात वर करून टाइप करू लागली, तेव्हा गॅलरीतून जाणारे शेजारचे तात्या थबकले.

"काय गं, कुणी पिस्तूल दाखवलं काय?"

दुसऱ्या दिवशी ओटा. ओट्याची उंची त्यातल्या त्यात बरी, पण ओटा म्हणजे कौसल्याबाईंचं साम्राज्य. प्राचीने फोनवर "सर, त्या केसमध्ये" म्हणायला आणि इकडे मोहरी तडतडायला एकच गाठ पडली. साहेबांनी विचारलं, लाइन खराब आहे का. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचं इस्त्रीचं टेबल आणलं. ते उंचीला हवं तसं होई, पण एंटर दाबलं की डुलायचं. चौथ्या दिवशी गणपतीचा चौरंग साध्या टेबलावर ठेवला. ही युक्ती मात्र खरंच छान जमली. कोपर काटकोनात, मनगटं सरळ, शिवाय पैसा खर्च नाही. अडचण एवढीच, की दर अर्ध्या तासाने लॅपटॉप उचला, चौरंग उचला, खाली ठेवा, परत वर ठेवा. संध्याकाळपर्यंत प्राची पलंगावर आडवी झाली ती जेवायलाही उठली नाही.

गुणाजी हे सगळं कोपऱ्यातल्या स्टुलावरून बघत होते. त्यांच्या डोक्यात दुसऱ्या दिवसापासूनच एक टेबल तयार होतं. पण बोलायचं कसं? आपल्याला काय कळतंय, चूक निघालं तर, पोरीच्या नोकरीचा प्रश्न. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी खिशातून टेप काढली आणि सुनेसमोर उभे राहिले.

"बाळा, जरा कोपर दुमड. नाही, म्हणजे, तुला वेळ असेल तर."

बसून कोपराची उंची सव्वीस इंच, उभं राहून एकेचाळीस. गुणाजींनी आकडे भिंतीवर पेन्सिलीने लिहिले.

"मधले पंधरा इंच टेबलाने चालायचे," ते म्हणाले. "म्हणजे चालतील असं वाटतं."

"मोटर लावणार, बाबा?" निलेशने विचारलं.

"मोटर कशाला? वजन लावू."

एवढं मोठं वाक्य ते बऱ्याच दिवसांनी बोलले होते.

कल्पना सोपी होती. भंगारवाल्याकडचे दोन लोखंडी पाइप जमिनीपासून वरच्या तुळईपर्यंत उभे ठोकायचे. जुन्या कपाटाचं दार, तीच टेबलाची फळी. फळीच्या मागे चार कड्या, त्या पाइपांवरून सरकतील. फळीला दोर बांधायचे, वर तुळईला कप्प्या लावायच्या, कपडे वाळत घालायची दांडी वर ओढायला घरोघरी असतात तशाच, आणि कप्प्यांवरून दोर पलीकडे नेऊन टेबलाच्या वजनाइतकंच वजन टांगायचं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की बोटाने ढकललं तरी टेबल वर, बोटाने दाबलं तरी खाली, आणि सोडाल तिथे थांबेल. उंच स्क्रीनसाठी लॅपटॉपखाली जुने दिवाळी अंक, आणि टाइप करायला वेगळा कीबोर्ड, तो निलेशच्या मित्राकडे पडून होता.

तात्या येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "गुणा, फाशी कोणाला देतोयस?"

"टेबल आहे, तात्या."

"टेबलाला पाय असतात रे."

गुणाजी हसले आणि कामाला लागले. लाजाळू माणसाच्या हातात पाना आला की तो निराळा माणूस होतो. दोन दिवस त्यांनी कुणाकडे मान वळवून बघितलं नाही.

प्रश्न आला तो वजनाचा. फळी, लॅपटॉप, कीबोर्ड, दिवाळी अंक मिळून निलेशच्या सामान तोलायच्या काट्यावर चौदा किलो भरले. चौदा किलोचं काहीतरी टांगायचं, म्हणजे खोलीतली तेवढी जागा त्याला द्यायची, आणि ते काहीतरी दिवसभर नुसतं लोंबकळणार. घराच्या नियमात हे बसेना. गुणाजींनी खोलीभर नजर फिरवली, आणि ती ओट्याशेजारच्या पत्र्याच्या डब्यावर स्थिरावली.

त्या डब्यात गावचे उकडे तांदूळ होते. कौसल्याबाईंचा भाऊ गणपत दरवर्षी कणकवलीकडून पाठवायचा. रोजच्या भाताला दुकानातले तांदूळ, ते दुसऱ्या डब्यात. हे उकडे वेगळे, जपून ठेवलेले. डबा टांगायला जागा वेगळी लागणार नव्हती, नुसता जमिनीवरून जरा उचलायचा. वजन केलं, काय योगायोग, चौदा किलोला पाव कमी. गुणाजींना इतका आनंद झाला की ते चक्क मोठ्याने म्हणाले, "कौसल्ये, बघ!"

"काय ता?"

"तुझे तांदूळ आता कामाला लागले. फक्त एक कर, त्यांना हात लावू नको."

"मी कशाला लावतंय?" कौसल्याबाई म्हणाल्या. "ते काय रोजचे आहेत?"

टेबल उभं राहिलं. प्राचीने एका बोटाने ते वर ढकललं. टेबल वर गेलं आणि ओट्याशेजारी डबा खाली आला. तिने परत खाली घेतलं, डबा वर. ती इतक्या दिवसांनी हसली.

"बाबा, हे त्या बटणवाल्यापेक्षा भारी आहे."

गुणाजींनी मान वळवून मागे बघितलं. मागे तात्या उभे होते. त्यांनीही ढकलून बघितलं, खाली घेतलं, परत ढकललं, आणि काही न बोलता गेले. तात्या न बोलता गेले, हे चाळीत दुसऱ्या माळ्यापर्यंत पसरलं.

तीन आठवडे सुरळीत गेले. अर्धा तास बसून, अर्धा तास उभं राहून प्राची रोजचे आठ तास भरत होती. कौसल्याबाईंना तर घड्याळाची गरज उरली नाही. डबा गुडघ्याशी आला की सून बसली, जमिनीशी गेला की उभी राहिली. "दोनदा वर गेले तांदूळ, आता चहा टाकूक होयो," असा त्यांचा हिशेब.

मग मीटिंगचा शुक्रवार आला. अकरा वाजता सुरू होणार होती. निलेश ड्युटीवर गेला होता. आणि साडेदहाला दारात गणपत उभा राहिला. डोक्यावर नारळांचं पोतं, मागे गावचे दोघे जण. पुतणीच्या लग्नाची खरेदी करायला आले होते, फोन करायचा राहिला होता.

"बाय, जेवूक आसा मा?" त्याने दारातूनच विचारलं.

"श्श!" तिघंही घरातून एकदम म्हणाले.

पाहुण्यांना गॅलरीत बाकड्यावर बसवलं. आत सुनेची परीक्षा आहे, असं गुणाजींनी कुजबुजत सांगितलं. गावाकडची माणसं परीक्षेला मान देणारी. तिघंही पाय जवळ घेऊन गप्प बसले. एकाने खोकला आला म्हणून तोंडात पंचा कोंबला.

अकराला प्राची टेबल वर करून उभी राहिली. पडद्यावर हितेंद्र साहेब आणि चार अनोळखी चेहरे. तिने बोलायला सुरुवात केली. कोपऱ्यातल्या स्टुलावर गुणाजी बसले होते. त्यांना क्लेममधलं काही कळत नव्हतं, पण टेबल हलत नाही एवढं दिसत होतं, आणि तेवढं पुरे होतं.

इकडे ओट्यापाशी कौसल्याबाईंनी पातेलं घेतलं. तीन बाप्ये गावाहून आलेले, त्यात सख्खा भाऊ. दुकानातला पांढरा भात त्याच्या पानात वाढला तर तो जेवेल, पण गावी जाऊन आयुष्यभर सांगेल. उकडे तांदूळ ठेवलेले असतात ते कुणासाठी? गावच्या पाहुण्यासाठीच. हात लावू नको म्हणजे रोज लावू नको, हे काय सांगायला हवं? त्यांनी आवाज न करता झाकण काढलं आणि माप बुडवलं.

पहिल्या मापाला काही झालं नाही. दुसऱ्याला डबा जरासा डुलला. तिसरं माप बाहेर आलं आणि कौसल्याबाईंनी ते पातेल्यात ओतून नळाखाली धरलं. त्यांच्या पाठीमागे जमिनीपासून वीतभर उंच टांगलेला डबा सावकाश आणखी वर निघाला.

गुणाजींना दिसलं ते टेबल. टेबल बुडत होतं. एक इंच. दोन इंच. प्राचीच्या लक्षात आलं तेव्हा कॅमेरा तिच्या हनुवटीवरून वर छताकडे बघायला लागला होता.

"प्राची," हितेंद्र साहेबांचा आवाज आला, "आम्हाला शर्ट दिसतायत. वाळत घातलेले."

"सॉरी सर," म्हणत प्राचीने गुडघे वाकवले. टेबल अजून खाली गेलं. तिने अजून वाकवले. कमरेतून कळ आलेली तिच्या तोंडावर दिसली, पण बोलणं थांबलं नाही. "तर, या तिमाहीत आपण ज्या केसेस..."

गुणाजी स्टुलावरून उठले नाहीत, घरंगळले. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून रांगत डब्यापर्यंत पोचले आणि त्यांनी डब्याची कडी खाली ओढली. टेबल तीरासारखं वर गेलं. प्राची टाचा उचलून त्याच्यामागे गेली. आता कॅमेऱ्यात तिचं फक्त कपाळ असावं, कारण पडद्यावरचे पाचही चेहरे पुढे झुकले.

"कॅमेरा हलतोय का?" कुणीतरी विचारलं.

गुणाजींनी कडी जराशी सोडली. मग आणखी जराशी. आणि एका ठिकाणी त्यांच्या बोटांना ते सापडलं, दोन्ही बाजूंचं सारखं होणं. चाळीस वर्षांपूर्वी मागावरचं सूत ताणलंय की सैल आहे, हे ते डोळे मिटून बोटाने ओळखत. साचाखात्यात त्यांच्या त्या बोटाला नाव होतं. तेच बोट आता तांदळाच्या डब्याच्या कडीत अडकलं होतं. टेबल एकेचाळीस इंचावर येऊन थांबलं. प्राचीच्या टाचा जमिनीला टेकल्या.

"कौसल्ये," ते फरशीवरून कुजबुजले, "तांदूळ परत घाल."

"धुतले!" कौसल्याबाई तशाच कुजबुजल्या.

"घाल तसेच."

"ओले तांदूळ डब्यात? अळ्या होतील त्यात! तुमका काय कळता?"

तेवढ्यात त्यांना टेबल, डबा आणि नवऱ्याचं बोट यांचा एकमेकांशी संबंध कळला, आणि त्या कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. मग हातात आलं ते, म्हणजे वरवंटा, डब्यात ठेवला. टेबल वर निघालं. गुणाजींनी दुसऱ्या हाताने डबा वर उचलून धरला आणि मानेनेच नको-नको केलं. वरवंटा बाहेर आला.

गॅलरीतून गणपत डोकावला. मेहुणा फरशीवर बसून तांदळाच्या डब्याला धरून आहे, हे बघून त्याने विचारलं, "भावजी, ह्या काय?"

गुणाजींनी मोकळ्या हाताने पोत्याकडे बोट दाखवलं आणि एक बोट वर केलं. गणपत शेतकरी गडी, तराजू समजणारा. त्याने एक नारळ आणून हळूच डब्यात ठेवला. गुणाजींच्या बोटावरचा ताण जरा हलका झाला. दोन बोटं वर. दुसरा नारळ. गावचा एक जण पोत्यातून काढून देत होता, दुसरा घेऊन गणपतकडे सरकवत होता, तिघंही अनवाणी, देवळात गाभाऱ्याशी वागावं तसे. चौथा नारळ ठेवल्यावर गुणाजींनी बोट सोडलं.

टेबल हललं नाही.

ते तिथेच फरशीवर बसून राहिले. प्राची शेवटपर्यंत बोलली. मग अनोळखी चेहऱ्यांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. शेवटी हितेंद्र साहेब म्हणाले, "मधे काय झालं होतं? तुम्ही खाली-वर होत होतात."

प्राचीने एकदा फरशीकडे बघितलं.

"सर, टेबल आहे तसं. बसता-उभं राहता येतं. जरा सेटिंग चालू होतं."

"असं? माझं वर जाताना कुरकुरतं. तुमचं आवाजच करत नाही. कुठल्या कंपनीचं?"

"आमच्याच घरातलं. सासऱ्यांनी केलंय. ते गिरणीत फिटर होते."

मग त्या चार अनोळखी चेहऱ्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "इतकं करून पूर्ण आठ तास भरलेत तुम्ही. घरूनच करा. हितेंद्र, लेटर देऊन टाका."

प्राचीने लॅपटॉप बंद केला. मग गॅलरीतून गणपतचा आवाज आला, "पास झाली?"

"झाली!" प्राची ओरडली, आणि इतका वेळ दाबून ठेवलेला गावच्या माणसाचा खोकला एकदम सुटला.

जेवणं उशिरा झाली. उकड्या भाताचं गणपतने तोंड भरून कौतुक केलं, आणि भात खाताना तो डब्याकडे जरा संशयानेच बघत होता. गुणाजी मात्र नुसता भात चिवडत होते. पोरीच्या कमरेला कळ आली ती आपल्यामुळे, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

"बाबा, जेवा ना," प्राची म्हणाली.

"माझं चुकलं गं. तांदूळ टांगायला नको होते. मी विचारच केला नाही, की घरात पाहुणा येतो."

"तुम्ही बोट लावलं नसतं तर?"

सवयीने त्यांनी मागे बघितलं. मागे भिंत होती.

"पण आता माझे तांदूळ सोडा," कौसल्याबाईंनी बजावलं. "नारळ पण सोडा. उद्या मी सोलकढी करूक घेतली की परत बुडेल ता टेबल." त्या खरकटी ताटं घेऊन मोरीकडे निघाल्या, वाटेत दारापाशी त्यांचा अंगठा ठेचकाळला आणि त्या कळवळल्या, "ह्यो एक धोंडो! पंचवीस वर्षां झाली, भंगारात घाला सांगतंय!"

गुणाजींनी दाराकडे बघितलं.

गॅलरीतल्या वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तिथे लोखंडाचं एक जाडजूड वजन ठेवलेलं होतं. गिरणी बंद झाली त्या दिवशी त्यांनी मागावरची दोन वजनं घरी आणली होती. सूत ताणून धरायला बीमला, म्हणजे मागावरच्या सुताच्या रुळाला, टांगत, ती. एक दार धरून होतं, दुसरं उंदीर शिरू नयेत म्हणून पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर बसलं होतं. इतकी वर्षं ती दोन्ही आपापलं काम इतकं गुपचूप करत होती, की ती वजनं आहेत हेच फिटर विसरला होता.

"निलेशचा वजनकाटा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

दोन्ही मिळून तेरा किलो भरली. कमी पडला एक किलो, तो एका डालड्याच्या डब्यात खिळे भरून पुरा केला. खिळे कुणी खात नाही, हे गुणाजींनी दोनदा तपासून घेतलं. संध्याकाळी टेबल परत एका बोटावर चालू लागलं आणि तांदळाचा डबा जमिनीवर टेकला.

राहिलं दार आणि पिंप. पिंपावर कौसल्याबाईंनी वरवंटा ठेवला. आणि दार आपटू नये म्हणून दारात सध्या गणपतच्या पोत्यातला एक मोठा नारळ ठेवलेला असतो. तात्या येता-जाता त्याला नमस्कार करतात आणि विचारतात, "गुणा, आता ह्याच्यावर काय उभं आहे?"

"काही नाही, तात्या," गुणाजी म्हणतात. "म्हणजे अजून तरी नाही."